जोकोसस (लॅटिन विशेषण)

जोकोसस (अभिजात लॅटिन उच्चार: योकोसुस) हे लॅटिन भाषेतील एक गुणविशेषण आहे. 'थट्टेने भरलेला', 'विनोदप्रिय', 'गमत्या' हा त्याचा मूळ अर्थ. प्राचीन रोमन साहित्यात ते माणसांना, त्यांच्या बोलण्याला, काव्याला आणि प्रतिध्वनीलाही लावलेले आढळते. आज महाराष्ट्रातील वाचकाच्या नजरेस ते पडते ते मुख्यतः एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात. सह्याद्रीत आणि कोकणात नेहमी दिसणाऱ्या शिपाई बुलबुलाचे शास्त्रीय नाव पिक्नोनोटस जोकोसस असे आहे. या विशेषणासाठी मराठीत 'खेळकर' हा प्रतिशब्द सहज सुचतो. तो चुकीचा नसला तरी अपुरा आहे, कारण जोकोससमधला खेळ हा हातापायांचा नसून प्रथमतः वाणीचा आहे.

उच्चार आणि रूपे

प्राचीन लॅटिन लिपीत 'य' आणि 'इ' या दोन्ही ध्वनींसाठी एकच अक्षर होते. त्यातूनच पुढे वेगळे अक्षर निघाले, आणि त्याचा उच्चार फ्रेंच व इंग्रजी परंपरेत 'ज'कडे झुकला. त्यामुळे रोमन माणसाचा 'योकोसुस' आज जीवशास्त्राच्या पुस्तकात 'जोकोसस' म्हणून वाचला जातो. मराठी वाचकाला हा बदल परका वाटू नये. संस्कृतातील शब्दारंभीचा 'य' प्राकृतातून मराठीत येताना असाच 'ज' झाला आहे: यात्रा–जत्रा, योगी–जोगी, यव–जव.

लॅटिनमध्ये विशेषण नामाच्या लिंग, वचन व विभक्तीप्रमाणे बदलते. पुल्लिंगी योकोसुस, स्त्रीलिंगी योकोसा आणि नपुंसकलिंगी योकोसुम ही प्रथमा एकवचनाची तीन रूपे मराठीतील चांगला, चांगली, चांगले या रूपांसारखीच चालतात. गंमत अशी की या विशेषणासाठी मराठीत जे प्रतिशब्द सुचतात, त्यांतील 'खेळकर', 'थट्टेखोर' आणि 'विनोदी' हे तिन्ही अविकारी आहेत. लिंगबदलाचा प्रश्न त्यांना शिवतच नाही. पक्ष्याच्या नावात हा प्रश्न प्रत्यक्ष कसा उद्भवला, ते पुढे आले आहे.

व्युत्पत्ती

योकोसुस हा शब्द 'योकुस' (थट्टा, विनोद) या नामाला '-ओसुस' हा प्रत्यय लागून बनला आहे. या प्रत्ययाचा अर्थ 'ने भरलेला' किंवा 'ने युक्त'. मराठीतील '-आळू' हा प्रत्यय त्याच्या बराच जवळ जातो: लाज–लाजाळू, माया–मायाळू, झोप–झोपाळू. लाजाळूच्याच शास्त्रीय नावात या लॅटिन प्रत्ययाचे स्त्रीलिंगी रूप दडलेले आहे. मिमोसा पुडिका या नावातील 'मिमोसा' हा शब्द 'मिमुस' (नकलाकार) यास '-ओसा' जोडून तयार झाला, कारण स्पर्श होताच पाने मिटणारी ही वनस्पती सजीव प्राण्याची नक्कल करते असे मानले गेले. पावसाळ्यात महाराष्ट्राच्या रानांत फुलणाऱ्या कळलावीच्या ग्लोरिओसा सुपर्बा या नावातही हाच प्रत्यय आहे. तेथे अर्थ 'वैभवाने भरलेली' असा होतो.

मूळ नाम 'योकुस' हे 'बोलणे' या अर्थाच्या एका प्राचीन इंडो-युरोपीय धातूपासून आल्याचे भाषाशास्त्रज्ञ मानतात. प्राचीन जर्मन बोलींत याच धातूपासून 'म्हणणे, कबूल करणे' या अर्थाचे क्रियापद बनले. काही व्युत्पत्तिकार संस्कृतातील 'याच्' (मागणे, विनवणे) हा धातूही याच कुळात ठेवतात. हे मत स्वीकारल्यास मराठीतील 'याचना' आणि इंग्रजीमार्गे मराठीत आलेला 'जोक' हे दूरचे नातलग ठरतात. एक हात पसरून बोलणे, दुसरे टाळी देऊन बोलणे.

'युकुंदुस' (सुखद, आनंददायी) हे दुसरे लॅटिन विशेषण ध्वनिसाम्यामुळे योकोसुसशी गल्लत निर्माण करते. ते 'युवारे' (मदत करणे, आनंद देणे) या क्रियापदापासून आलेले आहे आणि मूलतः योकुसशी त्याचा संबंध नाही. उत्तरकालीन लेखनिकांनी मात्र त्याचे स्पेलिंग 'योकुंदुस' असे करून हे नाते जुळवून टाकले.

योकुस आणि लुडुस

खेळासाठी लॅटिनमध्ये दुसरा मोठा शब्द आहे 'लुडुस'. मैदानी खेळ, सार्वजनिक उत्सवातील शर्यती, नाट्यप्रयोग, इतकेच नव्हे तर मुलांची प्राथमिक शाळा हे सारे लुडुस या शब्दात येते. शाळामास्तराला रोमन लोक 'लुडुसचा गुरू' म्हणत. योकुसमध्ये यांपैकी काहीच येत नाही. कोटी, चेष्टा, टोमणा, नक्कल करून केलेली गंमत, थोडक्यात तोंडाने खेळलेला खेळ, तो योकुस.

मराठी घरांत या दोन्ही शब्दांची संतती एकाच वेळी नांदते. सोंगट्या-फाशांचा 'लुडो' हा खेळ पचिसीवरून बेतलेला असून त्याचे इंग्लंडमधील पेटंट १८९६ सालचे आहे. 'लुडो' या लॅटिन क्रियापदाचा अर्थ 'मी खेळतो'. पत्त्यांतला आणि सर्कशीतला 'जोकर' मात्र योकुसच्या घराण्यातला. म्हणजे सुटीच्या दुपारी मुले लुडो मांडतात तेव्हा एक शब्द वापरतात, आणि पत्ते पिसताना दुसरा. 'ज्वेलर्स' या पाटीवरील शब्दाचे मूळही एका मतानुसार योकुसमध्येच आहे: मन रमवणारी वस्तू, खेळणे, आणि मग दागिना.

'मार्मिक मनुष्य' या अर्थाने लॅटिनमध्ये 'फाकेतुस' हे विशेषण होते. 'लास्किवुस' याचा मूळ अर्थ बागडणारा, उड्या मारणारा असा होता, पुढे त्याला कामुकतेचा रंग चढला. 'पेतुल्कुस' हे ढुशा देणाऱ्या करडांसाठी वापरले जाई.  'लुडिबुंदुस' याचा अर्थ 'खेळत असलेला' असा होतो. उड्या मारणाऱ्या कोकराला योकोसुस म्हणणे लॅटिन कानाला विचित्र वाटले असते.

इसवी सन पूर्व ४४ मध्ये लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथात सिसेरोने लुडुस आणि योकुस हे शब्द जोडीने घेतले आहेत. निसर्गाने मनुष्याला खेळ व थट्टेसाठी घडवलेले नाही. झोप आणि विश्रांती यांप्रमाणे गंभीर कामे उरकल्यावर त्यांचा उपयोग करावा, असे तो म्हणतो. थट्टेचे दोन प्रकारही तो सांगतो. एक असभ्य, उर्मट आणि अश्लील. दुसरा सुसंस्कृत, नागर आणि बुद्धिमान. योकोसुस हे विशेषण या दोन टोकांच्या मधोमध उभे राहते. त्याला कोणत्या अर्थाने घ्यायचे हे संदर्भ ठरवतो, आणि एका कवीच्या बाबतीत तर ते सम्राटाने ठरवले.

लॅटिन काव्यातील उपयोग

होरेस (इ.स.पू. ६५–८) याने हे विशेषण प्रतिध्वनीला लावले आहे, तेही दोन वेगवेगळ्या कवितांत. एकीत देव आणि वीर यांच्यापैकी कुणाचे नाव डोंगरातून पुन्हा उमटेल असा प्रश्न आहे. दुसरीत नाट्यगृहात झालेला टाळ्यांचा गजर नदीकाठ आणि व्हॅटिकन टेकडी परत पाठवते असे वर्णन आहे. प्रतिध्वनी हालचाल करीत नाही, उड्या मारीत नाही. तो फक्त बोललेले परत बोलतो, वेडावल्यासारखे. त्यामुळे येथे 'खेळकर प्रतिध्वनी' यापेक्षा 'वेडावणारा' किंवा 'थट्टेखोर प्रतिध्वनी' हा अनुवाद मुळाला अधिक धरून आहे. माथेरानच्या इको पॉइंटवर हाक मारून पाहणाऱ्या पर्यटकाला हा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

होरेसनेच आपल्या वीणेला, म्हणजे लायर या तंतुवाद्याला, हे विशेषण लावून गंभीर राजकीय विषय तिला शोभत नाहीत असे म्हटले आहे. एका पद्यपत्रात त्याने माणसांनाही ते लावले: उदास लोकांना आनंदी माणूस आवडत नाही आणि थट्टेखोरांना उदास माणूस आवडत नाही, असे त्याचे निरीक्षण आहे.

या विशेषणाचा सर्वांत गंभीर वापर ओव्हिडने केला. इसवी सन ८ मध्ये सम्राट ऑगस्टसने त्याला रोममधून हद्दपार करून काळ्या समुद्राच्या काठावरील टोमिस येथे (आजचे रोमेनियातील कॉन्स्टान्त्सा) पाठवले. एक काव्य आणि एक चूक अशी दोन कारणे ओव्हिड स्वतः देतो. काव्य म्हणजे प्रेमकलेवरील त्याची रचना; चूक कोणती ते त्याने उघड केले नाही. हद्दपारीत लिहिलेल्या 'त्रिस्तिआ' या संग्रहाचा दुसरा खंड हे सम्राटाला उद्देशून लिहिलेले एकच दीर्घ पत्र आहे. त्यात तो असा बचाव मांडतो की कवीचे आचरण आणि त्याची कविता या वेगळ्या गोष्टी आहेत. त्याचे जीवन मर्यादशील आहे, फक्त त्याची काव्यदेवता 'योकोसा' आहे.

हा शब्द येथे विचारपूर्वक निवडलेला दिसतो. आपली कविता कामुक आहे असे ओव्हिड कबूल करीत नाही, आणि ती निरुपद्रवी खेळ आहे असेही नुसते म्हणत नाही. ती थट्टेत बोललेली वाणी आहे, म्हणून तिला शब्दशः धरू नये, अशी ही विनंती आहे. ऑगस्टसने ती मानली नाही, त्याच्यानंतर आलेल्या टायबेरिअसनेही नाही. ओव्हिड टोमिस येथेच मरण पावला. सुमारे तीन पिढ्यांनंतर मार्शल या कवीने जवळजवळ हाच बचाव एका दुसऱ्या सम्राटापुढे केला, मात्र त्याने आपल्या पानांना 'लास्किवा' म्हटले, जीवन मात्र सचोटीचे असल्याचे सांगितले. ओव्हिडपेक्षा त्याची कबुली जास्त धीट होती आणि त्याला शिक्षाही झाली नाही.

कवी स्वतःही योकुस आणि लुडुस यांतील सीमारेषा नेहमी पाळत नसत. हलक्याफुलक्या कवितेला 'लुसुस' (खेळ) म्हणण्याची पद्धत होती, आणि ओव्हिडने आपल्या आत्मवृत्तात स्वतःचा उल्लेख कोमल प्रेमाचा 'खेळाडू' असा केला आहे. तरीही सम्राटापुढे बाजू मांडताना त्याने वापरला तो योकुसपासूनचाच शब्द.

मराठी वाचकाला या ठिकाणी संत एकनाथांच्या (१५३३–१५९९) भारुडांची आठवण होणे स्वाभाविक आहे. विंचू, जोशी, गोंधळी, वेडी सून अशा सोंगांतून येणारे भारूड वरून थट्टेखोर आणि आतून आध्यात्मिक असते. लॅटिन परंपरेत 'योका' (थट्टा) आणि 'सेरिआ' (गांभीर्य) यांची जोडी एकत्र घेतली जाई. भारुडात ही दोन्ही एकाच ओळीत बसलेली असतात. पैठणच्या गोदाकाठी तयार झालेल्या या प्रकाराला योकोसुस हे विशेषण ओव्हिडच्या काव्यापेक्षाही अधिक नेमके लागू पडते.

थट्टेत दिलेला शब्द

बोललेली गोष्ट थट्टेची की खरी, हा प्रश्न केवळ साहित्याचा नाही. रोमन कायद्यात 'वचन देतोस का?' – 'देतो' अशा ठराविक प्रश्नोत्तरातून करार होत असे. कायदेपंडित पॉलुस याने स्पष्ट केले आहे की हेच शब्द थट्टेत, किंवा विद्यार्थ्याला नमुना दाखवण्यासाठी उच्चारले गेले तर त्यातून कोणतेही बंधन निर्माण होत नाही. हे मत पुढे सम्राट जस्टिनिअनच्या काळात, सहाव्या शतकात संकलित झालेल्या 'डायजेस्ट'मध्ये समाविष्ट झाले. थट्टा करण्याच्या हेतूला पुढील कायदेपंडितांनी 'अनिमुस योकांदी' अशी संज्ञा दिली.

भारतीय साहित्यात याचे सर्वांत परिचित उदाहरण कालिदासाच्या 'अभिज्ञानशाकुंतल' या नाटकाच्या दुसऱ्या अंकात येते. आश्रमकन्येवरील आपले प्रेम विदूषक माधव्याला सांगून बसल्यावर दुष्यंताला धास्ती वाटते की हा राजधानीत परतून अंतःपुरात सारे बोलून टाकेल. तेव्हा तो त्याला सांगतो की मी जे बोललो ते परिहासाने, ते खरे धरू नकोस. विदूषक ते खरे धरत नाही. पुढे शापामुळे राजा शकुंतलेला विसरतो, त्या वेळी खरी हकिकत ठाऊक असू शकला असता असा एकमेव मनुष्य गप्प राहतो, कारण त्याच्या मते ती थट्टा होती. सहाव्या अंकात तो हे बोलूनही दाखवतो. ओव्हिडने खऱ्या शिक्षेपासून सुटण्यासाठी थट्टेचा आधार घेतला. दुष्यंताने खऱ्या प्रेमावर थट्टेचा पडदा टाकला. दोघांनाही तो महाग पडला.

आधुनिक न्यायालयांनी पॉलुसचे मत काहीसे आखडते घेतले आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये लुसी विरुद्ध झेमर या खटल्यात असा निर्णय दिला की उपाहारगृहाच्या बिलाच्या पाठीमागे लिहून दिलेला शेतजमीन विक्रीचा करार बंधनकारक आहे. आपण दारू पिऊन गंमत करीत होतो, हे विक्रेत्याचे म्हणणे मान्य झाले नाही. थट्टा करणाऱ्याच्या मनात काय होते यापेक्षा समोरच्या समंजस माणसाला काय वाटले असते, याला न्यायालयाने महत्त्व दिले. जमिनीच्या व्यवहारात थट्टा चालत नाही, ही समजूत महाराष्ट्रातील कोणत्याही चावडीवर न्यायालयाशिवायही मान्य होईल.

नंतरच्या भाषांत

लॅटिनपासून निघालेल्या भाषांत योकुसने लुडुसला मागे सारले. फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश आणि पोर्तुगीज या चारही भाषांतील 'खेळ' या अर्थाचे रोजचे शब्द (अनुक्रमे ज्य, जोको, खुएगो, जोगु) योकुसपासूनचे आहेत. म्हणजे थट्टेचा शब्द सर्वच खेळांचा झाला. विशेषणाने मात्र आपला जुना अर्थ बराचसा राखला. पाश्चात्त्य संगीतात 'जोकोसो' ही वादकासाठीची सूचना असते, आणि १७८७ मध्ये प्राग येथे प्रथम सादर झालेल्या मोत्सार्टच्या 'डॉन जोव्हानी' या संगीतिकेचा प्रकार 'द्राम्मा जोकोसो' असा दिला जातो. तिचा नायक शेवटी नरकात ओढला जातो हे लक्षात घेता हे विशेषण पुन्हा एकदा गांभीर्याच्या शेजारी येऊन बसले आहे.

इंग्रजीत 'जोक' हा शब्द सतराव्या शतकात रूढ झाला. मराठीत 'जोक मारणे', 'जोक करणे' हे प्रयोग आता बोलीत मुरले आहेत.

संस्कृत व मराठी प्रतिशब्द

संस्कृतात खेळासाठी क्रीडा, लीला आणि थट्टेसाठी परिहास, नर्म असे वेगळे शब्द आहेत. त्यांतील 'नर्म' हा शब्द योकुसच्या सर्वांत जवळचा. राजाच्या विदूषकाला 'नर्मसचिव' म्हणत, आणि भरताच्या नाट्यशास्त्रात कैशिकी वृत्तीची चारही अंगे नर्म या शब्दावरून ओळखली जातात. महाराष्ट्राच्या वायव्य सीमेवर, नंदुरबार जिल्ह्याला स्पर्श करून वाहणाऱ्या नर्मदेच्या नावाची फोडही 'नर्म देणारी' अशी केली जाते. आधुनिक मराठीत 'नर्मविनोदी' या समासात हा शब्द टिकून आहे. समीक्षेत सौम्य विनोदी लेखनासाठी तो सर्रास वापरला जातो, मात्र त्यातला 'नर्म' हा 'नरम' असल्याचा समज अनेकांचा असतो.

अनुवाद करताना वस्तू पाहून शब्द निवडावा लागतो. काव्याला 'नर्मविनोदी', माणसाला 'थट्टेखोर' किंवा 'गमत्या', प्रतिध्वनीला 'वेडावणारा'. 'खट्याळ' हा शब्द मुलांच्या बाबतीत शोभतो, पण त्यात खोडीचा अंश अधिक आहे.

शिपाई बुलबुलाचे नाव

स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस याने १७५८ मध्ये 'सिस्टेमा नॅचुरे' या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत या पक्ष्याला लॅनिअस जोकोसस असे नाव दिले. लॅनिअस हा खाटीक पक्ष्यांचा वंश. म्हणजे नावाचा शब्दशः अर्थ 'थट्टेखोर खाटीक' असा होत होता. वर्णन चीनमधून आलेल्या माहितीवर आधारलेले होते. लिनियसने आशियात कधीही पाऊल ठेवले नव्हते.

पुढे हा पक्षी खाटकांच्या वंशातून काढून बुलबुलांत आणला गेला. एकोणिसाव्या शतकात भारतातील पक्षिशास्त्रज्ञ त्याला ओटोकॉम्प्सा या वंशात ठेवीत. हे वंशनाम स्त्रीलिंगी असल्याने विशेषणही बदलून ओटोकॉम्प्सा जोकोसा झाले. आज तो पिक्नोनोटस या वंशात गणला जातो. ग्रीक शब्दांवरून बनलेल्या या नावाचा अर्थ 'दाट पाठीचा'. हे नाम पुल्लिंगी आहे, म्हणून पुन्हा जोकोसस. आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेच्या ३१व्या कलमानुसार जातिवाचक शब्द विशेषण असेल तर त्याचे लिंग वंशनामाशी जुळलेच पाहिजे. मोराच्या पॅव्हो क्रिस्टॅटस (तुरेवाला मोर) या नावातही हाच नियम दिसतो. नाव पूर्ण लिहिताना लिनियसचे नाव आणि १७५८ हे साल कंसात देतात, ते वंश बदलल्याची खूण म्हणून.

शिपाई बुलबुल सुमारे २० सेंटिमीटर लांबीचा असतो. डोक्यावर टोकदार उभा काळा तुरा, पांढरा गाल, डोळ्यामागे लाल ठिपका आणि शेपटीच्या बुडाशी लाल रंग ही त्याची ओळख. पिल्लांना गालाजवळचा लाल ठिपका नसतो. मराठीत त्याला नारद बुलबुल असेही म्हणतात. शेंडीसारखा तुरा आणि अखंड बडबड लक्षात घेता हे नाव चपखल आहे. 'कळीचा नारद' हा मराठी वाक्प्रचार आणि लॅटिन जोकोसस हे दोन्ही वाणीने गंमत घडवून आणणाऱ्याचेच वर्णन करतात. स्टॉकहोमजवळच्या विद्यापीठात बसून पक्षी न ऐकता दिलेले नाव आणि कोकणात रोज ऐकून दिलेले नाव असे एकमेकांना भेटतात. 'बुलबुल' हा शब्द मात्र फारसीतून आला, आणि फारसी काव्यातील बुलबुल हा वेगळाच पक्षी आहे.

महाराष्ट्रात हा पक्षी मुख्यतः सह्याद्री, कोकण आणि तेथील दमट हवेच्या पट्ट्यात आढळतो. महाबळेश्वर, माथेरान तसेच मुंबई व पुण्याच्या बागांतही तो दिसतो. पूर्वेकडे पर्जन्यछायेच्या प्रदेशात त्याची जागा लालबुड्या बुलबूल (पिक्नोनोटस कॅफर) घेतो. एकाच नावाची दोन गावे घेतली तर हा फरक चटकन ध्यानात येतो. रायगड जिल्ह्याच्या सुधागड तालुक्यातील पाली हे बल्लाळेश्वराचे गाव सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे आणि ते शिपाई बुलबुलाच्या मुलखात मोडते. बीड जिल्ह्यातील पाली हे बालाघाटच्या रांगांत, बिंदुसरा नदीवरील जलाशयाजवळ वसलेले गाव आहे. तेथील बोरी-बाभळींवर सामान्यतः दिसणारा बुलबुल लालबुड्या असतो: तुरा आखूड व पसरट, गाल काळपट, डोळ्यामागे ठिपका नाही. बुडाचा लाल रंग मात्र दोघांत समान आहे, आणि नवख्या निरीक्षकाची फसगत तेथेच होते.

या दुसऱ्या बुलबुलाचे कॅफर हे नावही लिनियसनेच, १७६६ मध्ये दिलेले आहे. तो दक्षिण आफ्रिकेतील आहे अशा चुकीच्या माहितीवर ते आधारलेले आहे. हा पक्षी आफ्रिकेत मूळचा नाहीच. नाव एकदा नियमानुसार प्रसिद्ध झाले की केवळ अर्थ चुकीचा आहे म्हणून ते बदलता येत नाही. त्यामुळे बीडच्या पालीतला बुलबुल एका अशा देशाचे नाव वागवतो जो त्याचा नव्हे, तर रायगडच्या पालीतला बुलबुल स्वभावाचे नाव वागवतो.

स्वभावाच्या नावालाही अडचण आहेच. गोड आवाज आणि धीट वागणूक यांमुळे शिपाई बुलबुल पूर्वीपासून पिंजऱ्यात पाळला जात असे. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार त्याला पकडणे व पाळणे हा गुन्हा आहे. थायलंडमध्ये त्याच्या गाण्याच्या स्पर्धा भरतात आणि त्यासाठी होणाऱ्या पकडीने तेथील रानांतली त्याची संख्या घटली. माणसाने त्याला परदेशीही नेले. ऑस्ट्रेलियात सिडनी परिसरात तो १८८०च्या सुमारास पोहोचला. अमेरिकेत मायामीजवळ १९६० मध्ये पिंजऱ्यातून सुटलेल्या पक्ष्यांची वसाहत झाली. मॉरिशसमध्ये तो १८९२ मध्ये आणला गेला आणि काही दशकांत बेटभर पसरला. फळबागांचे नुकसान आणि परक्या झुडपांच्या बियांचा प्रसार यांमुळे तेथे तो उपद्रवी ठरला आहे. एकोणिसाव्या शतकापासून मराठी भाषक कुटुंबांची वस्ती असलेल्या या बेटावर त्याला शिपाई किंवा नारद म्हणत नाहीत. तेथील क्रिओल भाषेत त्याचे नाव 'कोंदे' असे आहे.